डब्यातला आंबूस वास

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून दहा छोटे चित्रपट दाखवले. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार त्यात होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. (स्थानकात शिरणारी ती प्रसिद्ध आगगाडी मात्र त्या दिवशीच्या कार्यक्रमात नव्हती, ती नंतर आली.) याच दहांमध्ये आणखी एक चित्रपट होता. बागेत टेबल मांडले आहे, ऑग्युस्त ल्युमिएर आपल्या तान्ह्या मुलीला चमच्याने भरवत आहेत आणि शेजारी मुलीची आई बसली आहे. गोष्ट नाही की नाट्य नाही, एका घरातली एक सकाळ. म्हणजे चित्रपटाच्या जन्माच्या दिवशीच घरगुती चित्रपटही जन्मला होता, असे म्हणायला हरकत नाही.

सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिएरांचे यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचले. पण सामान्य माणसाच्या घरात कॅमेरा शिरायला आणखी पाव शतक लागले. हा उशीर का झाला? कॅमेरा महाग होता हे खरेच. पण खरी अडचण होती ती फिल्मची.

फिल्म म्हणजे दोन थरांची पट्टी. वरच्या थरात जिलेटिन आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. याला पायस म्हणतात आणि चित्र उमटते ते इथे. खालचा थर म्हणजे नुसता आधार. तो पारदर्शक, लवचिक आणि मजबूत असावा लागतो. १८८९ पासून हा आधार सेल्युलोज नायट्रेटचा बनवला जाई. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तो मिळतो. हीच क्रिया जरा पुढे नेली की बंदुकीची स्फोटक रुई तयार होते. नायट्रेटच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे ही फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्स ठेवलेल्या गोदामाला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांचा मोठा ठेवा गेला, हे अनेकांना आठवत असेल. असला पदार्थ माजघरातल्या कपाटात कोण ठेवील?

उपाय रसायनशास्त्रज्ञांना माहीत होता. नायट्रिक आम्लाऐवजी ॲसेटिक आम्लाचे गट सेल्युलोजला जोडले की सेल्युलोज ॲसिटेट बनते. ते जळते, पण कागदाइतपतच. त्याला ‘सेफ्टी फिल्म’, म्हणजे सुरक्षित फिल्म, असे नाव मिळाले. १९२२ च्या अखेरीस फ्रान्समध्ये पाथे कंपनीने ९.५ मि.मी. रुंदीची आणि १९२३ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकने १६ मि.मी. रुंदीची घरगुती फिल्म विकायला काढली. दोन्ही सुरक्षित आधारावर होत्या. १६ हाच आकडा का, याचे एक मजेदार कारण सांगितले जाते. व्यावसायिक फिल्म ३५ मि.मी. रुंद असे. ती मधोमध चिरली तर १७.५ मि.मी.च्या दोन पट्ट्या होतात. घरगुती फिल्म त्या मापाची ठेवली असती, तर कुणीतरी स्वस्तातली ज्वालाग्राही फिल्म चिरून घरच्या यंत्रात घातली असती. १६ मि.मी.मुळे ती वाटच बंद झाली.

आता या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहू. ती आगीची नाही, पैशाची आहे. व्यावसायिक चित्रपटात कॅमेऱ्यातल्या फिल्मवर निगेटिव्ह तयार होते आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. म्हणजे दोनदा फिल्म, दोनदा खर्च. घरच्या माणसाला हे परवडणारे नव्हते. कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफ यांनी यासाठी उलट-प्रक्रियेची, म्हणजे रिव्हर्सलची, पद्धत बसवली. प्रकाश पडलेल्या जागी आधी चांदीची काळी प्रतिमा तयार करायची. ही झाली निगेटिव्ह. मग ती चांदी रसायनाने विरघळवून टाकायची. जिथे प्रकाश कमी पडला होता तिथे चांदीचे क्षार अजून शिल्लक असतात. त्यांना आता प्रकाश दाखवायचा आणि त्यांची प्रतिमा काढायची. ती आपोआप सुलटी येते. जी पट्टी कॅमेऱ्यात होती तीच पडद्यावर दाखवायची! खर्च एकदम खाली आला. पण निगेटिव्ह धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती. म्हणून घरगुती चित्रपटाची जगात एकच प्रत असते आणि ती आपल्या डब्यात असते. पुढे जे सांगायचे आहे ते सारे या एका वाक्यावर उभे आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९३२ मध्ये ८ मि.मी.ची फिल्म आली. वास्तविक ती १६ मि.मी.चीच पट्टी होती. एकदा एका कडेने आणि उलटवून दुसऱ्या कडेने चित्रण करायचे, मग प्रयोगशाळेत ती उभी चिरून जोडायची. १९३५ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली. तिचे जनक लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही पेशाने संगीतकार होते. कोडॅक्रोमचे रंग अंधारात विलक्षण टिकतात. १९३८ सालचा लाल स्वेटर आजही लाल दिसतो. १९६५ मध्ये सुपर ८ आली. फिल्म एका डबीत बंद, डबी कॅमेऱ्यात खटकन बसवायची आणि ५० फुटांत ३ मिनिटे २० सेकंद. त्याच वर्षी अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतरच्या लाटेत तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांपैकी काहींच्या घरी पहिला बर्फ, पहिली गाडी आणि पहिले बाळ अशी रिळे आजही आहेत. त्यातली काही सुट्टीला येताना इकडे आली आणि इकडेच राहिली. हा फरक किती मोठा आहे ते आता दिसेल.

दीर्घकाळ टिकणारी म्हणून ट्रायॲसिटेट या सुधारित आधाराची फिल्म १९४८ मध्ये बाजारात आली. पुढच्या दशकभरातच ती खराब होत असल्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली, आणि ती गेली भारत सरकारकडून. उष्ण, दमट जागी ठेवलेल्या फिल्म्सना आंबूस वास येत होता आणि त्या आक्रसत होत्या. मग अशाच हवामानातून आणखी तक्रारी आल्या. थंड देशांतल्या संग्रहांना हा प्रश्न गंभीर वाटू लागला तो बराच नंतर. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आणि मग अमेरिकेत रोचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यावर पद्धतशीर संशोधन झाले. या रोगाला आता ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. पहिला रुग्ण मात्र आपल्याकडचा होता.

रसायनशास्त्र अगदी दहावी-बारावीच्या पातळीचे आहे. सेल्युलोज हा ग्लुकोजच्या एककांचा लांबलचक साखळी-रेणू. प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि ॲसिटेट करताना त्यांना ॲसेटिल गट जोडलेले असतात. हवेतल्या बाष्पातला पाण्याचा रेणू येतो, एक ॲसेटिल गट सोडवतो, तिथे पुन्हा हायड्रॉक्सिल गट येतो आणि ॲसेटिक आम्लाचा एक रेणू मोकळा होतो. याला आपण जलअपघटन म्हणतो. ज्या क्रियेने फिल्म बनवली तिचीच ही उलटी दिशा. आता गंमत अशी, की या क्रियेला आम्ल हेच उत्प्रेरक आहे. म्हणजे क्रियेतून जे बाहेर पडते तेच क्रिया वाढवते. सुरुवातीची अनेक वर्षे जवळजवळ काही घडत नाही. आम्ल एका पातळीला पोचले की मग वेग झपाट्याने वाढतो. स्वयंउत्प्रेरित क्रियेचे वर्गात सांगायला याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आम्ल साचू लागले की साखळ्याही तुटतात. आधार आक्रसतो आणि ठिसूळ होतो. वरचे जिलेटिन तितके आक्रसत नाही, म्हणून ते सुरकुतते आणि आधारापासून सुटू लागते. फिल्म लवचिक राहावी म्हणून घातलेला पदार्थ पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर येतो. शेवटी सगळे रीळ एकमेकांना चिकटून त्याचा एक गोळा होतो.

यात तापमानाचा वाटा केवढा? रोचेस्टरच्या अभ्यासानुसार २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ताज्या फिल्मला त्या धोक्याच्या पातळीपर्यंत पोचायला सुमारे ४० वर्षे लागतात. तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की हा काळ निम्मा होतो. मग २७ अंशांना २० वर्षे आणि ३३ अंशांना १० वर्षे. मुंबईचे वर्षभराचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे आणि आर्द्रता ५० टक्क्यांहून पुष्कळ जास्त. विद्यार्थ्यांना विचारा, की १९७० साली एकाच दुकानातून घेतलेल्या दोन फिल्म्सपैकी एक न्यू जर्सीच्या तळघरात १५ अंशांना राहिली आणि दुसरी दादरच्या पोटमाळ्यावर ३० अंशांना, तर त्यांच्या आयुष्यात किती पटींचा फरक पडेल? हे गणित ढोबळ आहे. डबा घट्ट होता की सैल, फिल्म नीट धुतली गेली होती की नाही, यावरही बरेच अवलंबून असते. पण उत्तर पाच पटींच्या वरच येते. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात, इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या काळात इथे राहिलेल्या कुटुंबांनी घेतलेल्या सुमारे ३०० घरगुती फिल्म्स आहेत आणि आज त्या कुणालाही संगणकावर पाहता येतात. त्या काळचा आपला रस्ता आणि बाजार आपण साहेबाच्या कॅमेऱ्यातून पाहतो, याचे मुख्य कारण कॅमेरे साहेबाकडे होते हेच. पण ते डबे थंड देशात परत गेले, याचाही त्यात वाटा असणार.

तेव्हा फिल्ममधला मजकूर वेळेत उतरवून घ्यायला हवा. तसे प्रयत्न आपल्याकडे १९८० च्या दशकात व्हिडिओ आल्यावर सुरू झाले. भिंतीवर फिल्म दाखवायची आणि समोरून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपायची. चित्र लुकलुकायचे. का? आपल्याकडच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात आणि सुपर ८ फिल्म धावते सेकंदाला १८ चौकटींनी. प्रोजेक्टरच्या तीन पात्यांच्या झडपेमुळे पडद्यावर ५४ वेळा उजेड पडतो. ५४ आणि ५० जुळत नाहीत. हुशार तंत्रज्ञ मग प्रोजेक्टर सेकंदाला १६ पूर्णांक दोन-तृतीयांश चौकटींवर आणत. त्याला ३ ने गुणले की बरोबर ५०. लुकलुक थांबे, पण सारी माणसे सात-आठ टक्के संथ चालत. मला हा तोडगा फार आवडतो. एका अपूर्णांकाने एक पिढी समाधानी झाली.

मात्र त्या व्हीएचएस फितीत फिल्मवरचा तपशील निम्मासुद्धा उतरत नसे, आणि चुंबकीय फीत फिल्मपेक्षा अल्पायुषी निघाली. कितीतरी घरांत ‘आता कॅसेट झाली’ म्हणून मूळ रिळे रद्दीत गेली. आज त्या घरांत धूसर कॅसेट आहे आणि ती चालवायला यंत्र नाही.

आजची पद्धत पूर्ण वेगळी आहे. प्रोजेक्टरमध्ये दातेरी चाक फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून तिला ओढते. फिल्म फक्त १ टक्का आक्रसली तरी १०० भोकांमागे एका भोकाची चूक होते, दाते भोकांत बसत नाहीत आणि फिल्म फाटते. म्हणून आंबूस वास येणारे रीळ घरच्या प्रोजेक्टरवर चढवणे हा त्याचा खूनच म्हणायचा. नव्या स्कॅनरमध्ये दाते नसतात. गुळगुळीत रुळांवरून फिल्म सावकाश सरकते, प्रत्येक चौकटीखाली दिव्याचा क्षणभर लखलखाट होतो आणि एक स्थिर छायाचित्र निघते. भोक कुठे आहे ते संगणक चित्रातच शोधतो आणि त्यावरून चौकट जागेवर बसवतो.

किती बारकाईने टिपायचे? ८ मि.मी. फिल्मची चौकट जेमतेम ५ मि.मी. रुंद असते. चांगली फिल्म एका मिलिमीटरमध्ये फार तर १०० रेषांच्या जोड्या वेगळ्या दाखवू शकते. म्हणजे ५०० जोड्या, १००० रेषा. तेव्हा चौकटीच्या रुंदीत २००० चित्रबिंदू घेतले की फिल्मजवळ देण्यासारखे जे आहे ते मिळाले. त्यापुढचे आकडे जाहिरातीचे. तरीही २०४८ गुणिले १५३६ बिंदू, प्रत्येक बिंदूला तीन रंगांचे मिळून ६ बाइट, असा हिशेब केला तर एका चौकटीला सुमारे १९ मेगाबाइट आणि ३ मिनिटे २० सेकंदांच्या ३६०० चौकटींना जवळजवळ ६८ गिगाबाइट होतात. दुकानदार पेन ड्राइव्हवर देतो ती फाइल याच्या शतांशाहून लहान असू शकते. घरी बघायला ती पुरते. फक्त तीच प्रत ठेवायची असेल, तर काय गाळले गेले ते विचारून घ्यावे.

इतका खटाटोप घरच्या हलत्या चित्रांसाठी कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर पोलंडमधल्या नाशेल्स्क या गावात आहे.

१९३८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे डेव्हिड कुर्ट्झ पत्नीसह युरोपच्या सहलीला गेले. बरोबर १६ मि.मी.चा कॅमेरा होता. वाटेत ते आपल्या जन्मगावी डोकावले आणि तीन मिनिटांचे चित्रण केले, काही रंगीत, काही काळे-पांढरे. कॅमेरा बघून पोरे धावत आली, एकमेकांना ढकलू लागली, बायका दारात आल्या, काही माणसे प्रार्थनागृहाच्या पायऱ्या उतरली. त्या वेळी नाशेल्स्कमध्ये सुमारे ३००० ज्यू राहत होते. पुढच्या वर्षी जर्मन फौजा आल्या आणि ३ डिसेंबर १९३९ रोजी या लोकांना गावाबाहेर हाकलण्यात आले. युद्धाच्या अखेरीस त्यांतले १०० जणसुद्धा उरले नाहीत.

२००९ मध्ये कुर्ट्झ यांचे नातू ग्लेन यांना फ्लोरिडातल्या आईवडिलांच्या घरी कपाटात हा डबा सापडला. फ्लोरिडाची हवा आपल्या कोकणाच्या जातीची. फिल्म आक्रसून, वाकून, एकमेकांना चिकटून तिचा गोळा होत आला होता. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने ती ताब्यात घेतली आणि एका खास प्रयोगशाळेत ती उलगडून तिची प्रत काढण्यात आली. आणखी थोडा उशीर झाला असता, तर ती उलगडलीच नसती.

सुरुवातीला हे गाव कोणते हेसुद्धा कुटुंबाला नक्की माहीत नव्हते. आजीचे गाव असावे असा समज होता. नाशेल्स्क हे नाव ठरले ते इमारती ताडून पाहिल्यावर. संग्रहालयाने फिल्म संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना खुली केली. २०११ मध्ये एका अमेरिकन बाईंनी ती पाहिली आणि पडद्यावरच्या पोरांत एका मुलाचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटला. तो त्यांच्या आजोबांचा होता. मॉरिस चँडलर तेव्हा १३ वर्षांचे होते आणि आता ८६ वर्षांचे. ते हयात होते, त्यांची स्मृती तल्लख होती. त्यांनी चित्रातल्या मित्रांची नावे सांगितली, कोणती टोपी कोण घालत असे ते सांगितले. पुढे एका किराणा दुकानाच्या पुसट पाटीवरची अक्षरे जुन्या नोंदींशी ताडून दुकानाच्या मालकाचे नाव शोधण्यात आले. ग्लेन कुर्ट्झ यांनी २०१४ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि २०२१ मध्ये बियांका स्टिख्टर यांनी या तीन मिनिटांचाच एक तासाहून मोठा माहितीपट केला. तोच तुकडा पुढे, मागे, थांबवून, जवळून.

इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाटी वाचता आली ती काढलेली प्रत बारकाव्यांची होती म्हणून, आणि चेहरा ओळखला गेला तो फिल्म हजारो घरांत एकाच वेळी पोचू शकली म्हणून. पहिले काम मूळ फिल्मचे, दुसरे अंकीय प्रतीचे. एकीवाचून दुसरी अपुरी. अंकीय प्रतीचा स्वभाव फिल्मच्या अगदी उलट असतो. फिल्म थंड कपाटात दुर्लक्षित राहूनही टिकते. संगणकातली फाइल मात्र दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवत राहिले तरच टिकते. सीडी आठवून पाहा.

शाळेच्या परिसरात कुणाकडे असे डबे निघाले, तर विद्यार्थ्यांना एक प्रयोग करता येईल. संग्रहालये फिल्मचा रोग ओळखायला कागदाच्या ज्या पट्ट्या वापरतात, त्यांत ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे आपल्या प्रयोगशाळेतले दर्शकच असते. पट्टी डब्यात एक-दोन दिवस ठेवायची. ती निळी राहिली तर फिल्म ठणठणीत आहे. हिरवी झाली तर आम्ल सुटू लागले आहे. पिवळी झाली तर त्या रिळाचा नंबर स्कॅनिंगमध्ये पहिला लावावा. पिवळ्या पट्टीचा डबा बाकीच्यांपासून दूर ठेवावा, कारण त्यातली आम्लाची वाफ शेजारच्या निरोगी फिल्मलाही लागते. स्कॅन झाल्यावर रीळ टाकून देऊ नये. नव्या प्लॅस्टिकच्या डब्यात, घट्ट बंद केलेल्या दोन पिशव्यांत घालून ते शीतकपाटात ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. डब्यावर पेन्सिलीने साल, गाव आणि माणसांची नावे लिहावीत. ती नावे सांगू शकणारे कुणी घरात असेल, तर हे काम स्कॅनिंगच्याही आधी करावे.